लॅटिन वाक्यातला शब्दक्रम कसा शिकावा

लॅटिन शिकायला बसलेल्या मराठी माणसाला एक आयती सवलत मिळते. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद हा क्रम आपण जन्मापासून बोलतोय. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला तो मुद्दाम घोटावा लागतो.

पहिलं वाक्य असं घ्या: 'अग्रिकोला पुएल्लम् विदेत्'. शेतकरी मुलीला पाहतो. जसंच्या तसं मराठी!

आता पहिले दोन शब्द उलटे करा: 'पुएल्लम् अग्रिकोला विदेत्'. पाहणारा अजूनही शेतकरीच, फक्त जोर मुलीवर गेला. 'पुएल्ला' म्हणजे मुलगी, तिचं 'पुएल्लम्' झालं की द्वितीया. संस्कृतातलं 'लताम्' आठवा. मुलीने शेतकऱ्याला पाहायचं असेल तर जागा नव्हे, प्रत्यय बदलायचा: 'पुएल्ला अग्रिकोलम् विदेत्'.

म्हणून वाचताना आधी क्रियापद गाठा. शेवटी '-त्' असेल तर कर्ता एक, '-न्त्' असेल तर अनेक. मग प्रथमेतला शब्द शोधा, मग द्वितीयेतला. नपुंसकलिंगात मात्र ही युक्ती फसते, कारण तिथे दोन्ही रूपं सारखीच, अगदी 'फलम्'सारखी. 'बेल्लुम् ओप्पिदुम् देलेत्' यात युद्ध गावाचा नाश करतं, हे क्रमावरून आणि अकलेवरूनच ठरवायचं.

आपण अडखळतो ते पुढे. 'रानात' ऐवजी 'इन् सिल्वा': जे आपण शब्दाच्या शेपटीला लावतो ते इथे आधी, सुटं. नकारही क्रियापदाच्या आधी: 'नोन् विदेत्', पाहत नाही. विशेषण बहुधा नामामागून येतं, 'पुएल्ला बोना' (चांगली मुलगी). आकार आणि संख्या सांगणारी विशेषणं मात्र बहुधा आधी.

'बहुधा' हा शब्द गंभीरपणे घ्या. रोमन सेनापती सीझरने गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) युद्धाची हकिकत सुरू केली ती अशी: 'गाल्लिया एस्त् ओम्निस् दिविसा इन् पार्तेस् त्रेस्' (सगळा गॉल तीन भागांत विभागलेला आहे). 'एस्त्', म्हणजे 'आहे', दुसऱ्याच जागी, आणि 'त्रेस्', म्हणजे तीन, पार शेवटी.

सरावासाठी कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात. तीन-चार शब्दांचं वाक्य चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा, पडतील तशा मांडा आणि प्रत्ययांवरून कर्ता ओळखा. जमू लागलं की एखादी चिठ्ठी 'नोन्'ची टाका. तिची जागा ठरवताना मराठी सवय किती आड येते ते लगेच कळतं.