भार सोसते आणि हाताने सुटते : बोलाइन गाठ कशी बांधावी

विहिरीवरच्या बादलीला आमच्याकडे वर्षानुवर्षं निरगाठच मारली जायची. बादली कधी पडली नाही हे खरं. पण पाणी पिऊन फुगलेली ती गाठ सोडवायची वेळ आली की आधी खिळा, मग पक्कड आणि शेवटी कोयता. दर वेळी वीतभर दोर वाया. सुरगाठ एका ओढीत सुटते, पण भरल्या बादलीला तिचा भरवसा नाही. सरकफास तर ओझ्याबरोबर आवळतच जातो. या सगळ्यांवरचा उतारा म्हणजे बोलाइन. तिचा फास सरकत नाही, आणि ओझं उतरलं की बोटांनी सुटते. पूर्वी शिडाची वाऱ्याकडची कड जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, ओढून धरायला जो दोर असे, त्याचं हे नाव. तेच गाठीला मिळालं.

सरावाला करंगळीएवढा जाड, दीड-दोन मीटर लांब सुती दोर घ्या.

१. दोर टेबलावर ठेवा. ज्या बाजूने ताण येणार ती लांब बाजू तुमच्यापासून दूर जाऊ द्या, मोकळं टोक तुमच्याकडे.

२. टोकापासून साधारण ७० सेंमीवर बांगडीएवढं कडं करा. दोर डावीकडून खाली आणा, उजवीकडून वर वळवा आणि लांब बाजूच्या वरून डावीकडे न्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. लांब बाजूच्या खालून नेलात, तर पुढचं सगळं बरोबर करूनही गाठ पडत नाही, ओढताच सुटून येते.

३. टोक बादलीच्या कडीतून किंवा खांबाभोवतून फिरवून उजवीकडून परत आणा आणि कड्यातून खालून वर काढा.

४. आता ते लांब बाजूच्या मागून, उजवीकडून डावीकडे वळवा आणि त्याच कड्यातून पुन्हा खाली घाला.

५. टोक आणि त्याला लागून असलेला फासाचा दोर एका मुठीत धरा. दुसऱ्या हाताने लांब बाजू ओढून गाठ नीट बसवा. अर्धवट बसलेली बोलाइन धोक्याची.

मग दोन गोष्टी बघा. टोक मोठ्या फासाच्या आत आलं आहे का? आणि ते पुरेसं लांब आहे का? दोराच्या जाडीच्या बारा पट तरी शेपूट हवं, म्हणजे १२ मिमीच्या दोराला साधारण १५ सेंमी. माझ्या मते यात कंजुषी करूच नये.

ओझं आलं की छोटं कडं आतल्या दोन पदरांना घट्ट चिमटतं, म्हणून फास धरून राहतो. लांब बाजूच्या मागून गेलेला वाक मात्र तितका आवळत नाही, आणि गाठ सुटते ती तिथूनच. मासेमारीच्या जाळ्याची घरं विणताना जी गाठ पडते तिची रचनाही हीच आहे.

सोडवताना आधी ओझं पूर्ण उतरवा, कारण ताणाखाली ही गाठ सुटत नाही. मग तो मागचा वाक अंगठ्याने लांब बाजूवर, फासापासून दूर ढकला. दोन-तीनदा मागेपुढे केलात की ढील मिळते आणि दोर चिंब ओला असला तरी टोक बाहेर येतं.

तिची खोड एकच. ताण नसताना हलत राहिली तर ती हळूहळू ढिली होते, नवा ताठ नायलॉनचा दोर असेल तर जास्तच. बोट दिवसभर लाटांवर हेलकावत राहणार असेल, किंवा विहिरीत मोटर कायमची सोडायची असेल, तर उरलेल्या टोकाची फासाच्या शेजारच्या पदराभोवती दोन वेढ्यांची जादा गाठ मारा आणि ती मुख्य गाठीला भिडवा.

गाळ काढायला किंवा पडलेलं जनावर बाहेर घ्यायला विहिरीत माणूस उतरवायचा असेल, तर हा लेख वाचून कमरेला बोलाइन बांधू नका. गिर्यारोहक हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बसणाऱ्या सुरक्षापट्ट्याला, बहुधा आठाच्या आकड्याची गाठ मारतात. ती सोडवायला त्रास देते, पण बरोबर पडली आहे की नाही हे शेजारच्यालाही एका नजरेत दिसतं. त्या कामाला हार्नेस आणि शिकलेला माणूसच हवा.