तळघराच्या भिंतीची ओल जात नव्हती: शेवटी उपयोगी पडलेला क्रम

तळघरात राहती खोली करायची होती, पण बाहेरच्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत ओल. रंगाचे पोपडे, त्यावर पांढरे क्षार. नवी पुट्टी, ओलरोधक रंग, आतून वॉटरप्रूफिंग, सगळं झालं. पावसाळ्यात पुन्हा तेच. प्रत्येक कंत्राटदार वेगळं कारण सांगे, अगदी वैताग आला.

सुटा रंग खरवडला, भिंत कोरडी पुसली. साधारण 2 फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद लावून 48 तास ठेवलं. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ. प्लास्टिकच्या मागे जमले तर ओल भिंतीतूनच येते. आमच्याकडे मागे जमले. मातीतलं पाणी मागून रेटत असेल तर आतला रंग सहसा टिकत नाही.

मग बाहेरचं काम. छताच्या पन्हळीचं पाणी पायाशीच पडत होतं, ते पाइपने 6 फुटांहून लांब सोडलं. भिंतीलगत माती भरून, दाबून, पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार बाहेरच्या बाजूला दिला. पूर्ण पावसाळा जाऊ दिला. इथे घाई करूच नका. पुन्हा प्लास्टिक लावलं, मागची बाजू कोरडी.

त्यानंतरच सगळ्या कंत्राटदारांना खोलीच्या कामाची एकच लेखी यादी दिली: मापं, साहित्य, वायरिंग, राडारोडा कोण उचलणार. त्यामुळे दरपत्रकं शेजारी ठेवून वाचता आली. पैसे टप्प्याटप्प्याने, भिंत झाकण्याआधी वायरिंग आणि पाइपांची तपासणी, ही अट करारातच घातली.