बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या दिवाणखान्यात ‘नोव्हेंबर स्टेप्स’ ऐकवायची तर

जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सुंची ही रचना साधारण वीस मिनिटांची. बिवा (नखीने छेडायचं जपानी तंतुवाद्य), शाकुहाची (बांबूची जपानी बासरी) आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा. १९६७च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने सेइजी ओझावांच्या संचालनाखाली ती पहिल्यांदा वाजवली.

बैठकीला आठ-दहा माणसं पुरेत. दोन स्पीकर एकमेकांपासून सात-आठ फुटांवर, भिंतीपासून जरा पुढे, आणि मंडळी समोर साधारण तेवढ्याच अंतरावर. ब्लूटूथचा एकच डबा नको. तंतुवाद्यं, हार्प आणि तालवाद्यं डाव्या-उजव्या गटांत वाटलेली आहेत. डब्यात तो सगळा खेळ एका जागी गोळा होतो. पंखा बंद, म्हणजे बडोद्याच्या मे महिन्यात हा बेत नकोच. लग्नसराईत गल्लीतून वरघोडा, म्हणजे वरात, कधी जाणार तेही आधी विचारून घ्या. रेकॉर्डिंग डाउनलोड करून ठेवा, मध्येच जाहिरात वाजली तर बैठक बसली.

आवाज सर्वांत मोठ्या जागेवर ठरवा आणि मग बटणाला हात लावू नका. हळू जागी वाढवलात की पुढे बिवाची रुंद लाकडी नखी वाद्याच्या पोटावर आदळते आणि सगळे दचकतात.

आधी दहा मिनिटं तंबोरा घ्या. जवारीचा दोरा काढून छेडा, मग लावून. बिवाच्या तारेतला झणकार, ‘सावारी’, त्याच जातीचा. गायक मौलाबक्षांनी १८८६ साली ज्या बडोद्यात गायनशाळा काढली, तिथल्या कानांना एवढं पुरतं. मग ताकेमित्सुंच्याच ‘एक्लिप्स’मधली दोन-तीन मिनिटं ऐकवा, त्यात ही दोनच वाद्यं आहेत. शाकुहाची पाच भोकांची. वादक मान खाली-वर करून सूर ओढतो, ती मींडच समजा. ‘मुराइकी’त मात्र फुंकर मुद्दाम फुटते. हे आधी सांगितलं नाही, तर कोणीतरी हमखास म्हणतं, रेकॉर्डिंग खराब आहे.

मांडीवर बोटं आपटणाऱ्यांना आवरा. इथे आवर्तन नाही, त्यामुळे समही नाही. अकरा टप्पे आहेत, पण मोजत बसू नका. जपानी आणि पाश्चात्त्य संगीताचा मिलाफही शोधू नका: ताकेमित्सुंना ती एकजीव करायची नव्हती, त्यांच्यातला फरक समोरासमोर ठेवायचा होता. शेवटाकडे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि बिवा-शाकुहाचीचे दोघेच वादक बराच वेळ वाजवतात. मधल्या शांततेत टाळ्या पडतात त्या इथेच. तुम्ही हात वर करून बसा, ऑर्केस्ट्रा परत येतो.

पुढच्या बैठकीला १९७३चं ‘ऑटम’ ठेवा. वाद्यं तीच, पण तिथे ऑर्केस्ट्रा त्यांच्या जवळ सरकतो.