कोरोनानंतर वास येत नसेल तर: घरच्या घरी वासाचा सराव

कोरोनात वास जातो तेव्हा विषाणूचा मुख्य मारा वास टिपणाऱ्या चेतापेशींवर नसतो, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतो. म्हणूनच बहुतेकांना काही आठवड्यांत वास परत येतो. दोन-तीन आठवडे उलटूनही आला नाही, तर सराव सुरू करा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले चार वास होते गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग.

रुंद तोंडाच्या चार काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत टिपकागदाचा तुकडा ठेवून त्यावर एकेका सुगंधी तेलाचे काही थेंब टाका, नाव लिहा आणि झाकण घट्ट लावा. तेल नसेल तर ठेचलेली लवंग किंवा लिंबाची ताजी साल चालते, फक्त ती वरचेवर बदला. तेल नाकात मात्र कधीही घालू नका.

सकाळी आणि रात्री एकेक बाटली नाकाशी धरून सुमारे २० सेकंद हलके, छोटे श्वास घ्या. जोरात ओढू नका. त्या वेळी तो वास पूर्वी कसा यायचा, हे मनापासून आठवा. सरावातला हा भाग टाळू नका. मग अर्धा मिनिट थांबून पुढची बाटली. निलगिरीचा नुसता थंडावा जाणवला, तर तो वास समजू नका. थंडावा आणि झोंबणं वेगळ्या चेतातंतूंतून कळतं. किमान १२ आठवडे खंड नको. पहिल्या महिन्यात काहीच जाणवलं नाही म्हणून अनेक जण सोडून देतात, आणि तिथेच नुकसान होतं.

मधेच कॉफी, परतलेला कांदा-लसूण, अंडं यांना कुजका वास येऊ लागला तर घाबरू नका. चेतापेशींची जोडणी पुन्हा होताना असं घडू शकतं. तेव्हा गरम फोडणीऐवजी दहीभात, काकडी, फळं असं गार आणि सौम्य खा.

चव गेली असं वाटतं, तेव्हा बहुधा वासच गेलेला असतो. जिभेवर चिमूटभर मीठ आणि साखर ठेवून पाहा. कळली तर जीभ ठीक आहे. जेवणात मीठ वाढवू नका, लिंबू, कोकम, कुरकुरीतपणा वाढवा.

वास एकाच नाकपुडीतून गेला असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तोवर रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि दूध नासलंय का, हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला सांगा.