माइक रिपेअरिंग शिकायचंय? आधी केबल तपासा

'माइक खरखरतोय' म्हणून जी मंडळी येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा माइक ठणठणीत असतो, केबल गेलेली असते. म्हणून नवख्याने आधी मल्टिमीटर घ्यावा आणि एक्सएलआर, म्हणजे माइकच्या केबलचा तीन पिनांचा कनेक्टर, पाठ करावा: एक नंबर पिन ग्राउंड, दोन हॉट (सुलटा सिग्नल), तीन कोल्ड (तोच सिग्नल उलटा). फँटमचे, म्हणजे मिक्सर किंवा इंटरफेसकडून केबलवाटेच माइकला जाणाऱ्या विजेचे, 48 व्होल्ट दोन आणि तीनवर सारखेच येतात, प्रत्येकी 6.8 किलोओहमच्या रेझिस्टरमधून. एवढं मोजता आलं की निम्मं काम माइक न उघडताच होतं.

हात बसवायला स्वस्तातला चिनी कंडेन्सर माइक घ्या, म्हणजे फँटमवर चालणारा. सुटे पार्ट पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात; चांगली कॅप्सूल (आवाज पकडणारा, पडदा असलेला भाग) मात्र बहुतेक बाहेरूनच मागवावी लागते.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. कंडेन्सरची कॅप्सूल जिथे एफईटी नावाच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला (सिग्नल आत घेणाऱ्या पायाला) जोडलेली असते, तिथे गिगाओहमचे, म्हणजे शंभर कोटी ओहम किंवा त्याहून मोठे रेझिस्टर असतात. तिथे बोटाचा घाम किंवा सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स असला, की दमट हवेत करंटला चोरवाट मिळते. मग एसी बंद करून गेलेल्या स्टुडिओत सकाळी माइक फट्-फट् वाजायला लागतो. एफईटी बदलायची घाई करू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून माइक रात्रभर ठेवा. फट्-फट् थांबली तर दोष ओलाव्याचा. मग तो भाग 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा उघड्या बोटाने शिवू नका. कॅप्सूलच्या पडद्याला मात्र हे काही लावायचं नाही. तो काही मायक्रॉन जाडीचा, वर सोन्याचा मुलामा. फुंकरसुद्धा नको, थुंकी उडते.

आता मॉडिफिकेशन. सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात महागडे कॅपॅसिटर बसवायचे असतात. तक्रार एकच: 'स' आणि 'च' कानाला टोचतात. कारण समजून घ्या. नॉयमन या जर्मन कंपनीच्या यू 67 माइकमध्ये 1960 साली जी कॅप्सूल आली, तिचा ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, मुळातच चढा आहे, आणि तो सर्किटमधल्या फीडबॅकने (आउटपुटचा काही भाग मागे परत देऊन) खाली ओढलेला आहे. 1967 च्या यू 87 मध्येही तसंच. स्वस्त चिनी माइकांपैकी अनेकांनी कॅप्सूलची नक्कल केली, पण सर्किट घेतलं साधं, सपाट. चढा ट्रेबल तसाच बाहेर पडतो. कॅपॅसिटर कितीही भारी बसवा, चढ जात नाही. एकतर सर्किटमध्ये तो ट्रेबल उतरवण्याची सोय करा, नाहीतर के 47 धाटणीची, म्हणजे नॉयमनच्याच पण कमी चढ्या ट्रेबलच्या कॅप्सूलसारखी कॅप्सूल बसवा. दुसरा मार्ग खर्चिक, पण नवख्याला सोपा.

एसएम 57 या शूअर कंपनीच्या डायनॅमिक माइकचा ट्रान्सफॉर्मर काढून टाकायची फॅशन आहे. आवाज बदलतो हे खरं, पण लेव्हल चांगलीच खाली येते आणि साध्या इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यावर) प्रीअँप, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणारा भाग, रडायला लागतो. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही.

दोन ठिकाणी सुरुवातीला हात घालू नका. व्हॉल्व्हच्या माइकला शंभरहून जास्त व्होल्ट लागतात, आणि स्विच बंद केल्यावरही पॉवर सप्लायच्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. रिबन माइकमध्ये ॲल्युमिनियमची दोनेक मायक्रॉनची पट्टी असते. ओहमवर ठेवलेला मल्टिमीटर थेट तिला लावला तर ती ताणली जाऊ शकते. शिवाय आतलं चुंबक टेबलावरचा लोखंडी कीस ओढून घेतं.

गिऱ्हाइकाचा माइक असेल तर उघडण्याआधी आणि दुरुस्तीनंतर, दोन्ही वेळा त्याच आवाजात, त्याच अंतरावरून रेकॉर्डिंग करून ठेवा, वायरच्या रंगांचे फोटो काढा. 'नंतर बरा वाटतोय' याला काही अर्थ नसतो; दोन्ही फाइल्स एका लेव्हलला आणून ऐकवा. जुना नॉयमन असेल तर कुठले मूळ पार्ट बदलणार ते मालकाकडून लिहून घ्या आणि काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत द्या. मूळ कॅप्सूल नसली की अशा माइकचा विकतानाचा भाव पडतो.