शिवारात नोड लावण्याआधी: ओळख क्रमांकाची तयारी

उसातला ओलावा मोजून सर्व्हरला कळवणारे छोटे बोर्ड, म्हणजे नोड, लावायला निघण्याआधी त्यांच्या संदेशाचं पॅकेट कागदावर मांडा. पहिला बाइट आवृत्तीचा, त्यावर वाद नको. मग ओळख क्रमांक, ठरलेल्या लांबीचा, आठ बाइट. दोन बाइटांत भागवू नका. 65,536 क्रमांक पुष्कळ वाटतात, पण ते रँडम काढले तर सुमारे 300 नोडांतच कुठल्यातरी दोघांचा क्रमांक एकच निघायची शक्यता निम्म्यावर जाते.

आता बाइटांचा क्रम. मोठा बाइट (आकड्यातला सगळ्यात वजनदार) आधी की लहान आधी, हे लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं. इंटरनेटच्या प्रोटोकॉलांत मोठा आधी जातो. लोरावॅन, म्हणजे कमी विजेत लांबवर संदेश नेणारी रेडिओ पद्धत, नोडची आठ बाइटांची ओळख हवेत लहान बाइट आधी ठेवून पाठवतं. नोडमधल्या ईएसपी32 चिपची मेमरीही लहान आधीवाली. सी भाषेतलं स्ट्रक्चर (मेमरीत एकत्र ठेवलेली माहिती) जसंच्या तसं पाठवलं, की मोठ्या आधीची वाट बघणाऱ्या सर्व्हरला क्रमांक उलटा मिळतो, आणि उलटा क्रमांकही खराच वाटतो! एरर येत नाही, सीआरसी (वाटेत बाइट बिघडले का ते तपासणारा आकडा) बरोबर जुळतो, फक्त यादीत अनोळखी नोड दिसत राहतात. म्हणून चाचणीला सगळे बाइट सारखे असलेला क्रमांक घेऊच नका, उलटा केला तरी तो तसाच दिसतो. 01 02 03 पासून 08 पर्यंतचा घ्या.

क्रमांकात तालुक्याचा कोड कोंबू नका. तालुके बदलतात: निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होती, कागवाड अथणीत. शिवाय आज निपाणीच्या शेतातला नोड उद्या कागलच्या पाहुण्यांकडं जाईल, राज्यच बदललं. गावाचं नावही पॅकेटमध्ये नको. ‘चिकोडी’ एवढ्यालाच यूटीएफ-8 (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये 18 बाइट लागतात, कन्नड लिपीतही दर चिन्हाला तीनच, आणि लोरावॅनच्या सगळ्यात मंद वेगाला आपल्या वाट्याला जेमतेम 51 बाइट येतात. नावं सर्व्हरवर ठेवा.

सर्व्हरवर क्रमांक हेक्स (0 ते 9 आणि ए ते एफ, दर बाइटाला दोन चिन्हं) मजकूर म्हणूनच साठवा. जावास्क्रिप्टमध्ये 9007199254740991 च्या पुढं आकडे अचूक राहतातच असं नाही. सगळे शून्य आणि सगळे एफएफ राखीव. बोर्ड जळाला तर त्याचा क्रमांक दुसऱ्याला नाही. स्टिकर: हेक्स, ठळक, पावसात टिकणारं, आणि त्यावरचा क्रमही सर्व्हरवरच्यासारखाच. क्रम, पुन्हा सांगतो.

बॅटरी, अँटेना, नट-बोल्ट तुम्हाला माहीत आहेत. गाडी काढण्याआधी एक नोड टेबलावर चालू करा आणि सर्व्हरच्या पडद्यावर 01 डावीकडं आलंय का ते बघा. तिथं 08 दिसलं तर निघू नका.