मुघल शैलीत गोवर्धनधारी कृष्ण रंगवताना

अकबराच्या चित्रशाळेत १५९० च्या सुमारास हरिवंशाच्या फारसी भाषांतरासाठी गोवर्धनधारी कृष्णाचं चित्र तयार झालं. ते मिस्कीन या चित्रकाराचं मानतात; सध्या ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सरावाला याहून चांगला विषय नाही: वर खडक, मधे हात उंचावलेला कृष्ण, खाली आसऱ्याला आलेलं गोकुळ. आकार १५ × २० सेंमी पुरे.

सगळा डोलारा वसलीवर, म्हणजे थर चिकटवलेल्या कागदावर उभा असतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला सुती कागद घ्या, तीन ताव. ५० ग्रॅम मैदा ३०० मिली पाण्यात शिजवून खळ करा, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घाला (विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा). ताव चिकटवताना मधून कडेकडे हात फिरवा. राहिलेला बुडबुडा पुढे घोटताना फाटतो. वजनाखाली सावलीत वाळवा. पुण्याच्या पावसाळ्यात हे काम शक्यतो नकोच, खळ आतून ओली राहून बुरशी धरते. वसली वाळली की अकीकाने, म्हणजे गुळगुळीत दगडाने, चकाकेपर्यंत घोटा.

खाका म्हणजे पातळ कागदावरचं रेखाटन. त्याच्या रेषांवर सुईने भोकं पाडा, तो वसलीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटा आणि उमटलेले ठिपके पातळ गेरूने जोडा. त्यावर झिंक व्हाइटचा इतका पातळ हात द्या की रेषा खालून दिसत राहील.

रंग बिघडतो तो बहुतेक वेळा डिंकामुळे. एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून गाळा आणि वस्त्रगाळ रंगात थेंबाथेंबाने घाला. कागदाच्या तुकड्यावर रंगाचा पट्टा ओढा आणि वाळल्यावर त्यावर बोट फिरवा: रंग बोटाला लागला तर डिंक कमी, पट्टा चकाकून तडकला तर जास्त. कृष्णाला नीळ आणि पांढरा. पितांबराला रामरज, म्हणजे पिवळी माती; हरताळ हाही पिवळा रंग, पण त्यात आर्सेनिक असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ द्या. मग चित्र काचेवर उपडं ठेवून मागून घोटा, रंग एकजीव बसतात.

खरी कसोटी चेहऱ्यांची. मुघल चित्रकार गर्दीतही प्रत्येकाला वेगळं नाक, वेगळं वय देतो. एकाच साच्यातले गोप काढलेत तर शैलीच हरवते. आणि इथली भक्ती नजरेत आहे. म्हणून बुबुळं वरच्या पापणीला टेकवा, हनुवट्या किंचित उचला. गालांची गोलाई परदाजाने, म्हणजे ००० नंबरच्या जवळजवळ कोरड्या कुंचल्याच्या बारीक टिंबांनी आणा. कुंचला ओला असला की खालचा रंग उचलला जातो आणि डाग पडतो. तो पुसू नका, वाळू द्या आणि टिंबांनीच झाका.

सोनं सर्वांत शेवटी, मुकुट आणि दागिन्यांपुरतं. अस्सल वर्खच वापरा, ब्राँझची पूड पुढे काळवंडते. फ्रेम करताना काच आणि चित्रामधे माउंटचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर ठेवा आणि थेट उन्हाची भिंत टाळा, नीळ उडते.